बाबांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं का?

पागोळी

पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

बाबांचं वय ६९. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, एक बाबा सोडून. त्यांचं म्हणणं, "मला व्यवस्थित ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." आणि ते अगदीच खोटं आहे असंही वाटत नाही. आई शेजारी बसून तीनतीनदा काही विचारते, उत्तर नाही. पण आतल्या खोलीत भाऊ फोनवर कुणाला तरी "जुनी गाडी काढून टाकू या" म्हणाला की बाहेरून लगेच प्रश्न येतो, "कुठली गाडी?" आईचं ठाम मत आहे की यांना सोयीचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं. इतक्या वर्षांचा संसार आहे, तिच्या मताला वजन आहे.

शेवटी हो-नाही करत तपासणी झाली. दोन्ही कानांचे आकडे जवळपास सारखे आलेत: २५० हर्ट्झला १५, ५०० ला २०, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६५, ८००० ला ७५. खाली लिहिलंय, "सरासरी ४० डेसिबल, मध्यम, सेन्सरीन्यूरल". शब्द ओळखायच्या चाचणीत ७६ टक्के. म्हणजे चाळीस टक्के ऐकणं गेलं असं समजायचं का? तिथे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला होता.

दोन्ही कानांसाठी मशीन घेतली. थोडे दिवस घातली, आता ती डबीत आणि डबी कपाटात. तक्रार अशी की वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कर्कश्श वाटतं, वाटी-चमचा डोक्यात जातो आणि स्वतःचाच आवाज घुमतो. मशीनशिवाय हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर "ओरडू नकोस, मी बहिरा नाही" म्हणून चिडतात. मधला आवाज कुठला असतो तो मला सापडलेला नाही.

खरी काळजी दुसरीच आहे. चारचौघांत बसणारा, गप्पा रंगवणारा माणूस आता कुणी आलं की आतल्या खोलीत जातो. माझ्या मुलीशी फोनवर बोलायचं टाळतात, ती हिरमुसते.

कानाची रचना वगैरे माहिती नेटवर ढीगभर आहे. ज्यांना स्वतःला कमी ऐकू येतं त्यांनी सांगा ना, आतून हे नक्की असतं कसं?

बहिरी_ससाणा

मी सांगते. तिशीपासून दोन्ही कानांत मशीन आहे. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, आता निवृत्त. तुझ्या बाबांचे आकडे वाचले आणि माझा पन्नाशीतला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढून शेजारी ठेवला. फारसा फरक नाही.

बाबा खोटं बोलत नाहीयेत, पागोळी. त्यांना खरंच ऐकू येतं. कळत नाही. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे पटवणं महाकठीण, कारण त्यांच्या बाबतीत त्या एकाच वेळी घडतात.

त्यांचा आलेख बघ. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि त्यापुढचा आकडा म्हणजे तेवढ्या डेसिबलचा आवाज झाल्यावरच ऐकू येतं. डावीकडे खालच्या पट्टीतले आवाज, तिथे त्यांचे कान तुझ्यामाझ्या कुठल्याही शेजाऱ्याइतके चांगले आहेत. उजवीकडे जाऊ तसं सगळं घसरतं. आता बोलण्यातला जोर कशात असतो? स्वरांत. आ, ओ, ऊ हे दणदणीत असतात आणि डावीकडे असतात. पण एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा कशाने होतो? बहुतेक वेळा व्यंजनांनी. स, श, फ, थ, ट, क ही मंडळी उजव्या बाजूची आणि मुळातच हलकी. नेहमीच्या बोलण्यातला 'स' जेमतेम २०-३० डेसिबलचा असतो, आणि तिथे बाबांना ६५ च्या खालचं काही पोहोचतच नाही. म्हणजे कागदावर काना, मात्रा, वेलांट्या सगळं जागच्या जागी, फक्त अक्षरं पुसलेली, आणि कुणीतरी म्हणतंय "वाच की, मोठ्या टायपात तर छापलंय!"

वर्गातली गोष्ट सांगते. मी फळ्यावर गणित घालायचे आणि उत्तर विचारायचे. मागच्या बाकावरून पोरगी उत्तर द्यायची, डोक्यावर पंखा घरघरतोय, खिडकीबाहेर दुसऱ्या वर्गाचा कालवा. माझ्या कानात यायचं 'अ-आ-ई'. सत्तावीस की अठ्ठावीस? त्यातला 'स' मला कधीच ऐकू यायचा नाही, 'त्त' आणि 'ठ्ठ' मध्ये फरक करायचा तर ओठ-जीभ दिसायला हवी, आणि ती मागच्या बाकावर. बरोबर उत्तर सत्तावीस असेल आणि ती अठ्ठावीस म्हणाली असेल तर मी "शाबास" म्हणून मोकळी होणार! म्हणून माझ्या वर्गात नियमच होता, उत्तर आधी वहीत मोठं लिहायचं, वही वर धरायची, मग बोलायचं. मुलांना वाटायचं बाईंची ही शिकवायची पद्धत आहे. मुख्याध्यापकांनी एकदा बाकीच्या शिक्षकांनाही ती सुचवली. मी गप्प राहिले.

आता आईच्या "सोयीचं ऐकू येतं" या मुद्द्याकडे. भावाचा आवाज खालच्या पट्टीतला, त्यामुळे बाबांच्या चांगल्या भागात जास्त बसतो. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज वरच्या पट्टीतले आणि बऱ्याचदा हलके. तुझ्या लेकीचं बोलणं न कळण्याचं पहिलं कारण तेच, त्यात लहान मुलं भरभर बोलतात. दुसरं म्हणजे 'गाडी' हा शब्द. 'ग' आणि 'ड' दोन्ही घोष, म्हणजे गळ्यात घुमणारे, मध्ये भक्कम 'आ', आणि विषय जिव्हाळ्याचा. मेंदूला अर्धा शब्द मिळाला तरी तो उरलेला भरतो. आईने पाठमोरं उभं राहून नळ सुरू असताना "ते पाकीट कुठे ठेवलंत?" विचारलं तर त्यात भरायला धरबंदच नाही. पाकीट, ताकीद, काकी... काहीही.

हे जे भरणं आहे ना, ते सगळ्यात जास्त थकवतं. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर कितीतरी वर्षं वाटायचं मी माणूसघाणी आहे. मी माणूसघाणी नाही, संध्याकाळी माझं डोकं संपलेलं असतं. तुम्ही बोलणं ऐकता तेव्हा ते आपोआप घडतं. मी ऐकते तेव्हा अर्धे तुकडे गोळा करते, ओठांवरून ताडून बघते, विषयात काय बसेल ते शोधते, बसलं नाही तर मागे जाऊन वाक्य पुन्हा जुळवते, आणि तोवर समोरचा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. एकाच माणसाशी शांत खोलीत हे जमतं. चार माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलणं घालायला लागली की मी बघ्याच्या भूमिकेत. सगळे हसले की हसायचं. कुणी माझ्याकडे वळून बघितलं की "हो ना" म्हणायचं. आणि मग कधीतरी "हो ना" अशा ठिकाणी पडतं की सगळे चमकून बघतात. एकदा असं झालं की पुढच्या वेळी आतली खोली बरी वाटते. बाबा आत का जातात ते मला विचारायचीही गरज नाही.

काहींचं उलट होतं, तेही लक्षात ठेव. ऐकू न येणारी काही माणसं अखंड बोलतात, दुसऱ्याला तोंड उघडू देत नाहीत. लोकांना वाटतं आढ्यता. अहो, बोलत असलं की ऐकावं लागत नाही! विषयही आपला, त्यामुळे मधे कुणी काही म्हणालं तरी अंदाज बांधता येतो.

ओरडण्याबद्दल. निरोगी कानाला अगदी बारीक आवाजापासून त्रास होईपर्यंतच्या आवाजापर्यंत शंभरेक डेसिबलची जागा असते. बाबांना ४००० हर्ट्झला ऐकू यायला सुरुवातच ६५ ला होते, आणि त्रास मात्र तुला होतो साधारण तिथेच, शंभराच्या आसपास होतो. म्हणजे सगळं जग त्यांना ३५ डेसिबलमध्ये बसवायचंय. म्हणून आत्ता काहीच नाही आणि पुढच्या क्षणी कानठळ्या. ते नखरे करत नाहीत, त्या कानात मधला भाग शिल्लकच थोडा आहे. शिवाय ओरडल्याने मोठे होतात ते स्वर, जे त्यांना आधीच ऐकू येत होते. व्यंजनं तिथेच राहतात, तोंड वेडंवाकडं होतं म्हणून ओठही वाचता येत नाहीत, आणि चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच.

तर मधला आवाज म्हणजे नेहमीचाच आवाज, पण समोर येऊन. आधी हाक मार, त्यांनी बघितलं की बोल. उजेड तुझ्या तोंडावर पडायला हवा. खिडकीकडे पाठ करून उभी राहिलीस तर त्यांना फक्त तुझी काळी आकृती दिसते. टीव्ही बंद. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणजे दुसऱ्या खोलीतून मारलेल्या हाकेत आणि समोरच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचा फरक. विषय आधी सांग: "बाबा, बँकेचं बोलतेय." त्यामुळे भरायच्या शब्दांची यादी एकदम आटोक्यात येते. आकडे सुटे सांग, "सत्तावीस, दोन-सात". आणि एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य चार वेळा म्हणू नकोस, शब्द बदल. जो शब्द माझ्या ऐकण्यातल्या भोकात पडून हरवला तो चौथ्यांदाही तिथेच हरवतो.

एक वाक्य मात्र घरातून हद्दपार कर: "काही नाही, जाऊ दे." सगळे खो-खो हसत असतात, मी विचारते काय झालं, आणि उत्तर येतं "काही नाही गं, एवढं काही नव्हतं". ते एवढं काही नसतंच, मलाही ठाऊक आहे. पण दिवसभराचं सगळं बोलणं असंच 'एवढं काही नसलेलं' असतं. महत्त्वाचं तेवढं मला लिहून मिळतं. बाकीचं घर मला मिळत नाही.

मशीनबद्दल माझ्यापेक्षा जाणकार कुणी लिहील.

ध्वनिलेखा

ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, पेशंटच्या घरच्यांना वाचायला द्यावा असा आहे. मी रिपोर्टचं आणि मशीनचं सांगते.

डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. हा गैरसमज रोज भेटतो. ती मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे: १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता १० पट, २० वाढले की १०० पट, ४० वाढले की १०,००० पट. आणि ऑडिओग्राममधला शून्य म्हणजे शांतता नसते. तरुण निरोगी कानांना जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य. तुमचे ४० आले ते ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झच्या आकड्यांची सरासरी काढून. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ३५ पासून ५० च्या आतपर्यंत 'मध्यम'. पण अशा उतरत्या आलेखात सरासरी दिशाभूल करते. २० पासून ६५ पर्यंतचे आकडे मिळून सरासरी ४० होते, आणि अडचण सगळी त्या ६५ मध्ये आहे.

'सेन्सरीन्यूरल' म्हणजे दोष आतल्या कानात किंवा त्याच्या नसेत. लोक त्याला सरसकट 'नस सुकली' म्हणतात. वयामुळे होणाऱ्या प्रकारात बहुतेकदा आधी खराब होतात त्या आतल्या कानातल्या केसपेशी. प्रत्येक कानात त्या सुमारे १५,००० असतात, जन्मतः मिळतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. कर्णशंखाच्या (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या) तोंडाशी असलेल्या पेशी वरच्या पट्टीचे आवाज टिपतात, आणि वय असो की मोठ्या आवाजात काढलेली वर्षं, मार आधी त्यांनाच बसतो. बाहेरच्या ओळींतल्या केसपेशींचं काम हलके आवाज वाढवून देणं. त्या गेल्या की हलकं ऐकू येत नाही आणि मोठं मात्र मोठंच राहतं, जे ससाणाताईंनी लिहिलंय.

आता डबीतली मशीन. बाबांच्या तिन्ही तक्रारी नेहमीच्या आहेत आणि तिन्हींवर इलाज आहे. पानाची सळसळ, वाटी-चमचा हे आवाज त्यांच्या मेंदूने कित्येक वर्षांत ऐकलेले नाहीत. ते महत्त्वाचे नाहीत हे त्याला नव्याने शिकावं लागतं. याला आठवडे, कधी महिने लागतात, आणि ते मशीन कानात असतानाच होतं. सुरुवातीला घरात, शांततेत, एका माणसाशी बोलताना. मग हळूहळू दिवसभर. पहिल्याच दिवशी गर्दीत घालून नेलं की मशीन डबीत जाणार हे नक्की. तरीही खूप कर्कश्श वाटत असेल तर वरच्या पट्टीची वाढ थोडी कमी करून टप्प्याटप्प्याने वाढवता येते. मोठ्या आवाजांची कमाल मर्यादाही वेगळी लावता येते.

स्वतःचा आवाज घुमणं हे वेगळं. ज्यांचे खालच्या पट्टीचे कान चांगले आहेत त्यांचा कान बंद टोपीने (मशीनच्या कानात बसणाऱ्या मऊ टोकाने) बुजवला की आतल्या आत आवाज कोंडतो. आत्ता दोन्ही कानांत बोटं घालून बोलून बघा, हेच होईल. तुमच्या बाबांसारख्या आलेखाला भोकं असलेली, मोकळी टोपी बहुतेक वेळा चालते. मशीन आणा, टोपी कुठली आहे ती बघायला सांगा, आणि कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी ठेवून मशीनचा आवाज प्रत्यक्ष कानात मोजतात ती चाचणी करतात का ते विचारा. नुसतं संगणकाने सुचवलेलं सेटिंग लावून पाठवलं असेल तर ते सगळ्यांना बसत नाही.

आणि ७६ टक्क्यांचा अर्थ: शांत खोलीत पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवले तरी सुमारे चारातला एक चुकतोय. मशीन आवाज पोहोचवेल, हरवलेला बारकावा सगळा परत आणणार नाही. हे बाबांना आधी सांगितलेलं बरं. चष्म्यासारखं होईल असं कुणीतरी सांगतं आणि मग माणूस मशीनवर रागावतो.

सौ_बडबडे

सगळं वाचलं. पटलंही. पण एक बाजू राहतेय, ती मांडते, कुणाला लागलं तर लागू दे.

आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं. मशीन आहे, घालतात कधीमधी. दिवसभर समोर जा, तोंडाकडे बघायला लाव, टीव्ही बंद कर, शब्द बदलून सांग. हे कुणी करायचं? मी. त्यांचा फोन मी घ्यायचा, डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगायचं, दुकानदार काय म्हणाला ते मी. त्यांच्या थकव्याला नाव आहे, माझ्या थकव्याला "तुला जरा धीर नाही". रात्री दिवा मालवल्यावर नवरा-बायको चार शब्द बोलतात ना, ते आमचे बंद होऊन किती काळ झाला. अंधारात ओठ दिसत नाहीत आणि मशीन काढलेलं असतं. मी "काही नाही, जाऊ दे" म्हणते, रोज म्हणते. कारण एखादी कोटी तीनदा समजावून सांगितली की ती कोटी राहत नाही.

बहिरी_ससाणा

लागलं नाही, बडबडेबाई. माझ्या नवऱ्याने हे वाचलं तर तो तुमच्या बाजूने प्रतिसाद टाकेल.

तुमचा राग योग्य ठिकाणी आहे, फक्त तो सगळाच्या सगळा कमी ऐकू येण्यावर काढू नका. मशीन कधीमधी घालणं हा त्यांचा निर्णय आहे आणि त्याची किंमत तुम्ही भरताय. ऐकू न येणं माझ्या हातात नाही. मशीन घालणं, समोर जाऊन बसणं, "थांब, मला कळलं नाही" असं स्वतः म्हणणं माझ्या हातात आहे. ते मीच करायला हवं, नवऱ्याने ओळखून घ्यायचं नाही. फोनचंही तेच. बोललेलं लिहून दाखवणारी अ‍ॅप्स मोबाईलवर मिळतात, मराठीतही चालतात. चुका विनोदी करतात, पण डॉक्टर काय म्हणाले एवढं कळतं. मी डॉक्टरांच्या टेबलावर सरळ मोबाईल ठेवते. तुमच्या घरातलं दुभाष्याचं काम ह्यांच्या मोबाईलकडे सोपवा आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा.

दिवा मालवण्याचं मात्र खरंय. आम्ही दिवा दहा मिनिटं उशिरा मालवतो, बोलून झाल्यावर मी मशीन काढते. नवऱ्याला उजेडात झोप लागत नाही, म्हणून तो कुरकुरतो. कुरकुर ऐकू येते.

कोटीचं दुःख वाजवी आहे. त्याला उपाय नाही.

एकच_कान

लहानपणी गालगुंड झाले आणि उजवा कान पूर्ण गेला. डावा ठणठणीत. लोक म्हणतात एक आहे ना, मग झालं! एका कानावर बोलणं कळतं, दिशा कळत नाही. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतला फरक बघून ठरवतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उशिरा आणि जरा हलका पोहोचतो, तेवढ्यावरून. मला कोण हाक मारतंय ते कळतं, कुठून ते नाही. रस्त्यावर हॉर्न वाजला की मी चारी दिशांना बघतो. घरात फोन वाजला की तो सापडेपर्यंत बंद होतो. उजवीकडे बसलेल्या माणसाला मी शिष्ट वाटतो, म्हणून टेबलाचं उजवं टोक कायम माझं.

हे यासाठी लिहिलं की पागोळीताई, बाबांनी कंटाळून "एकच मशीन घालतो" असं म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. दोन कान असताना एक वापरायचा म्हणजे माझ्यासारखं व्हायचं.

पागोळी

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ससाणाताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'गाडी' पाशी ती थांबली आणि म्हणाली, "मग मला दरवेळी माझं नाव घेऊन सुरुवात करायला हवी की त्यांचं?" मी म्हटलं त्यांचं. बाबांनी स्वतः वाचला, काही बोलले नाहीत, पण "पंखा बंद कर, मग सांग" असं आज पहिल्यांदा म्हणाले.

ध्वनिलेखाताई, तीन शंका. मामाने मेसेज पाठवलाय की मशीन घातलं नाही तर स्मृतिभ्रंश होतो. बाबा ते वाचून घाबरलेत. हे खरं का? लेकीशी फोनवर बोलताना मशीन घालायचं की काढायचं? आणि मशीन मधेच शिट्टी मारतं, ते बिघडलंय का?

ध्वनिलेखा

मामांचा मेसेज अर्धवट आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काही करता येतं अशा १४ गोष्टी आहेत, त्यांत कमी ऐकू येणं आहे. धोका वाढतो याचा अर्थ होतोच असा नाही. कमी ऐकू येणाऱ्या कित्येकांची बुद्धी शेवटपर्यंत तल्लख असते. मशीनने तो धोका टळतो का, यावर २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र आकलनाची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. बाबांनी भीतीपोटी मशीन घालू नये, ते टिकत नाही. नातीचं बोलणं कळावं म्हणून घालावं.

नातीशी साध्या फोनऐवजी व्हिडिओ कॉल करा. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, म्हणजे 'स' चा बराचसा भाग कुणाच्याच कानापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही आम्ही तो भरून घेतो. व्हिडिओ कॉलवर आवाजाचा पट्टा बहुतेकदा मोठा असतो आणि तिचं तोंड दिसतं. मशीन घालूनच. ब्लूटूथ असेल तर आवाज थेट दोन्ही कानांत घेता येतो, तेही सेट करून घ्या. मुलीला सांगा, कॅमेऱ्याकडे बघून, तोंडापुढे हात न धरता.

शिट्टी म्हणजे मशीनमधून निघालेला आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरतोय. टोपी नीट आत बसलेली नसते, मापाची नसते, किंवा कानात मळ साठलेला असतो. मळ घरी काडीने काढू नका, काडीने तो आत ढकलला जातो. कान-नाक-घसा डॉक्टरांकडून काढून घ्या.

आणि धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: बाबांचं हळूहळू झालंय, दोन्हीकडे सारखं आहे, म्हणून घाई नव्हती. एका कानाचं ऐकणं अचानक, तासा-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं तर मात्र सर्दी असेल म्हणून थांबू नका. त्यावर स्टिरॉइड देतात आणि ते पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू झालं तर उपयोगाची शक्यता जास्त. एकाच कानात कमी ऐकू येणं, सोबत चक्कर, कानातून पू किंवा रक्त, यातलं काहीही असेल तरी आधी डॉक्टर, मग मशीन.

बाबांना घेऊन जाताना रिपोर्ट, दोन्ही मशीन आणि डबी बरोबर न्या. जमलं तर आईलाही न्या. सेटिंग बदलल्यावर तिथल्या तिथे तिलाच बोलायला लावा, ऑडिओलॉजिस्टचं बोलणं बाबांना घरी ऐकायचं नाहीये.